तोंडघशी न पाडणारं चाक

स्कूटरचं इंजिन चालता चालता बंद पडलं तर ती घरंगळत जाऊन थांबते. माणूस चरफडतो, पण पडत नाही. इलेक्ट्रिक युनिसायकलची मोटर चालता चालता गप्प झाली तर माणूस तोंडघशी पडतो, आणि हा वाक्प्रचार इथे शब्दशः घ्यायचा. या वाहनाबद्दलचे बहुतेक प्रश्न या एका फरकाशी येऊन थांबतात: चालवायचं कसं, विकत घेताना काय पाहायचं, लोक त्याकडे संशयाने का बघतात.

रचना साधी आहे. एकच चाक आणि त्याच्या आसाभोवतीच बसवलेली मोटर. दोन्ही अंगांना घडी होणाऱ्या पट्ट्या, वर बॅटरी आणि कंट्रोल बोर्ड. पट्ट्यांना सगळे पेडल म्हणतात, पण ती फिरत नाहीत, त्यांच्यावर नुसतं उभं राहायचं. चालवताना धरायला हँडल नाही, ब्रेकची कांडी नाही. आज दिसतो त्या रूपातलं चाक अमेरिकेतले संशोधक शेन चेन यांच्या सोलोव्हीलपासून रूढ झालं, साधारण २०११ च्या सुमारास. पुढे किंगसाँग, इनमोशन, बिगोड, लीपरकिम या चिनी कंपन्यांनी ते फार वेगवान आणि फार वजनदारही करून ठेवलं.

तळहातावर काठी उभी धरायची तर काठी कलेल तिकडे हात न्यावा लागतो. चाक तेच करतं. गायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर मिळून बोर्डाला सांगतात की पेडल किती कललंय आणि किती वेगाने कलतंय. बोर्ड सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करून मोटरला प्रवाह पुरवतो आणि चाक माणसाखाली आणून ठेवतो. तुम्ही पुढे कललात की चाक पुढे धावतं, मागे कललात की ब्रेक लागतो. म्हणजे वेग देणं, थांबवणं आणि उभं ठेवणं ही तिन्ही कामं एकाच मोटरकडे आहेत.

ढोबळ हिशेब करू. ७५ किलोच्या माणसाचा भार आसापासून १० सेंटिमीटर पुढे, चवड्यांवर आला, तर पेडल खाली दाबणारं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, सुमारे ७३ न्यूटन-मीटर होतं. पेडल सपाट ठेवायचं तर मोटरला तेवढंच उलटं आघूर्ण द्यावं लागतं. बाहेरून साडेबावीस सेंटिमीटर त्रिज्येचं टायर असेल तर जमिनीवर सव्वातीनशे न्यूटनचा रेटा मिळतो आणि चाकासकट १०० किलोचं वजन दर सेकंदाला आपला वेग साधारण सव्वातीन मीटर प्रति सेकंदाने वाढवतं. ब्रेकलाही हेच गणित लागू आहे. दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने वेग कमी केला तर ताशी ३० किलोमीटरवरून थांबायला साडेअकरा मीटर लागतात आणि ५० वरून ३२ मीटर, शिवाय प्रतिक्रियेचा वेळ वेगळा.

आता खरी मेख. मोटर फिरत असताना स्वतःच जनित्रासारखी वागते आणि बॅटरीच्या विरुद्ध व्होल्टेज तयार करते. वेग जितका जास्त, तितकं हे उलटं व्होल्टेज जास्त. बॅटरीच्या व्होल्टेजमधून ते वजा जाऊन जे उरतं, त्याच्यावरच नवा प्रवाह ढकलता येतो. एका वेगाला उरलेलं शून्य होतं. चाक हवेत धरून फिरवलं की ते याच वेगापाशी अडतं. त्या वेगाला मोटर फिरते खरी, पण तिच्या अंगात तोल सावरायची ताकद उरलेली नसते.

समजा बॅटरीचे वीस सेल एकामागे एक जोडलेला ८४ व्होल्टचा पॅक आहे आणि पूर्ण चार्जवर चाक हवेत ताशी ७० किलोमीटरने फिरतं. ताशी ४५ ने जाताना ६४ टक्के ताकद वापरात असते आणि ३६ टक्के राखीव. अर्ध्यावर उतरलेल्या बॅटरीत पॅक ७४ व्होल्टवर येतो, हवेतला वेग ६२ च्या आत घसरतो आणि त्याच ४५ ला राखीव उरते २७ टक्के. ६६ व्होल्टवर ती १८ टक्के होते. आणि याच वेळी तुम्ही ओव्हरटेक करायला जोरात कललात, ४० अँपिअर ओढले आणि पॅकचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम असला, तर आणखी ६ व्होल्ट तिथल्या तिथे गळतात. राखीव दहा टक्क्यांवर येते. समोर एक खड्डा आला, चाक आत उतरलं, वर चढायला त्याला क्षणभर जादा ताकद हवी होती, ती मिळाली नाही. पेडलचं पुढचं टोक खाली जातं आणि माणूस चाकाच्या पुढे निघून जातो. थंडीत सेलचा रोध वाढतो, म्हणून हीच घटना थंड सकाळी आणखी कमी वेगाला घडते.

बऱ्याच नव्या चाकांत मोटरला दिलेलं व्होल्टेज बॅटरीच्या ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की बीप वाजते. त्यासोबत, ठरवलेल्या वेगाला पेडल पुढून वर उचललं जातं, त्याला टिल्टबॅक म्हणतात. बऱ्याच चाकांत ॲपमधून यातल्या काही सूचना बंद करता येतात आणि पुष्कळ जण त्या बंद करतात, हे माझ्या मते या छंदातलं सर्वांत मोठं शहाणपणाचं दिवाळं आहे. जाहिरातीतल्या कमाल वेगापेक्षा हवेतला वेग बघा आणि त्याच्या दोन तृतीयांशावर थांबा. बॅटरी निम्म्याखाली गेली की आणखी खाली या. उलट बाजूची एक गंमतही लक्षात ठेवा: पॅक पूर्ण भरलेला असताना लांब उतार उतरू नये. ब्रेक लावताना तयार होणारी वीज ठेवायला जागा नसते, व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं आणि चाक कुरकुरायला लागतं. घर टेकडीवर असेल तर ९० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवा.

पुढे-मागे तोल यंत्र सांभाळतं. डावी-उजवी बाजू मात्र पूर्णपणे तुमची. ती सायकलसारखीच: पडायला लागाल तिकडे चाक वळवायचं. म्हणून शिकताना सगळ्यांत अवघड काय, तर हळू जाणं. पहिल्या दिवशी मोकळं पटांगण आणि एक भिंत घ्या, चाकाभोवती फोम गुंडाळा. जो पाय भक्कम वाटतो तो पेडलच्या मधोमध ठेवा, पोटरी चाकाच्या पॅडला टेकवा आणि दुसऱ्या पायाने स्केटबोर्डसारखं ढकलत एका पायावर तीन-चार मीटर जायचा सराव करा. हे जमेपर्यंत दुसरा पाय चढवायची घाई नको. नजर दहा मीटर पुढे. चाकाकडे पाहिलंत की पडलातच. रोज अर्धा तास दिला तर आठवडाभरात सरळ जाता येतं, वळणं पुढच्या आठवड्यात. मनगटाचे गार्ड पहिल्या मिनिटापासून घाला, कारण पडताना हात आपोआप पुढे जातात. ताशी २५ च्या वर जायचं असेल तर हनुवटी झाकणारं हेल्मेट लागतंच.

वेगात चाक डावी-उजवीकडे डुगडुगायला लागलं तर नवखा माणूस गुडघे ताठ करतो आणि डुगडुग वाढवतो. गुडघे वाकवा, एका पायावर थोडा जास्त भार द्या, हलक्या नागमोडी वळणात जा आणि सावकाश वेग उतरवा. बऱ्याचदा टायरमधली हवा चुकलेली असते. १८ इंची चाकाला, वजनानुसार, २५ ते ४० पीएसआय चालतं. कमी हवेत चाक आळशी आणि जड वळतं, जास्त हवेत खडेखुडे पायापर्यंत पोचतात.

घडणीच्या दर्जाचा प्रश्न म्हणूनच इतका टोकाचा होतो. दुचाकीत एक तार वितळली तर गाडी बंद पडते. इथे तीच तार माणूस पाडते. बोर्डावर मोटरचा प्रवाह उघडझाप करणारे मॉसफेट असतात. चाक फिरत असताना उष्णता सगळ्यांत वाटली जाते. पण पदपथाच्या कडेला चाक अडलं आणि माणूस तरीही पुढे कलून रेटत राहिला, तर मोटर थांबलेली, प्रवाह प्रचंड आणि सगळी उष्णता एक-दोन मॉसफेटवर. ते जळतात, बहुतेकदा काही क्षणांत. खडा चढ अगदी हळू चढणंही त्याच जातीचं. कड आली तर उतरा. मॉसफेट आणि उष्णताशोषक यांच्यामधली पेस्ट नीट लावलेली नसली किंवा स्क्रू ढिला राहिला तर हे आणखी लवकर होतं. मोटरच्या तीन जाड तारा पोकळ आसातून बाहेर येतात. तिथे जागा इतकी कमी की स्वस्तातल्या चाकात इन्सुलेशन घासून किंवा तापून उघडं पडतं. पेडलचे सांधे, आसाच्या नटांचा टॉर्क, कवचाचे स्क्रू हे सगळं नव्या चाकावरही हाताने तपासावं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा.

बॅटरीत मात्र थोडं थांबायला हवं. १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर उंचीचा एक चांगला सेल साधारण साडेबारा वॅट-तास ठेवतो. चार-चार सेलचे वीस गट केले की ८० सेलचा, १००० वॅट-तासाचा पॅक होतो. शांतपणे चालवलं तर किलोमीटरला २० वॅट-तास धरा, म्हणजे ५० किलोमीटर. सेल निकेलच्या पट्ट्यांनी जोडतात. एका गटातला एक वेल्ड सुटला तर चारचे तीन सेल उरतात आणि तो गट बाकीच्यांच्या आधी रिकामा होतो. एकूण व्होल्टेज पाहून हे कळत नाही. आता चार्जर लावला. तो पॅकचे ८४ व्होल्ट होईपर्यंत वीज देत राहणार. गळका किंवा खराब झालेला एक गट ३.५ व्होल्टच्या वर चढत नसेल, तर उरलेल्या १९ गटांवर ८०.५ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकी ४.२३ च्या वर. मर्यादा आहे ४.२. रोज थोडा थोडा जादा भरणारा सेल तापायला शिकतो. प्रत्येक गटावर स्वतंत्र नजर ठेवणारा बीएमएस, म्हणजे बॅटरीची देखरेख करणारा बोर्ड, अशा वेळी चार्जिंग तोडतो. फक्त एकूण व्होल्टेज बघणारा तोडत नाही. म्हणून विकत घेताना वेगापेक्षा आधी हे विचारा, की ॲपमध्ये गटागटाचं व्होल्टेज दिसतं का. पूर्ण चार्जनंतर गटांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक राहत असेल तर पॅक संशयास्पद समजा. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर अधूनमधून दोन-तीन तास तसंच जोडून ठेवलं तर गट एकसारखे व्हायला वेळ मिळतो, मात्र जागं असताना आणि नजरेसमोर.

एक विचित्र गोष्ट: इतर वाहनांत बीएमएस धोका दिसला की वीज तोडतो, ते चांगलं मानतात. युनिसायकलमध्ये चालू प्रवासात वीज तोडणं म्हणजे माणसाला फेकणं. सुरुवातीच्या स्वस्त चाकांत हे खरोखर व्हायचं. आता प्रवासात बीएमएस तोडत नाही, बोर्ड बीप आणि टिल्टबॅकने उतरायला सांगतो. म्हणजे शेवटचं संरक्षण तुमचे कान आणि पाय.

लोकांनी स्वीकारण्याचा प्रश्न यातूनच येतो. जर्मनीने जून २०१९ मध्ये छोट्या विजेच्या वाहनांचे नियम केले, पण धरायला दांडा हवा अशी अट ठेवली, त्यामुळे युनिसायकल बाहेर राहिली. फ्रान्सने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत रस्त्यावर जागा दिली. इंग्लंडमध्ये पदपथावर चालवायला आड येतो तो १८३५ चा कायदा. डिसेंबर २०२१ पासून लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत खासगी ई-स्कूटर आणि युनिसायकल दोन्ही न्यायला बंदी झाली, आणि कारण वेगाचं नव्हतं, गाडीत पेटलेल्या बॅटरीचं होतं. विमानात परवानगीनेही १६० वॅट-तासांच्या वरची बॅटरी सोबत नेता येत नाही. हजारवाल्या पॅकचा विषयच संपला. यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेचं यूएल २२७२ हे प्रमाणपत्र वाहनाच्या संपूर्ण विद्युत यंत्रणेचं असतं आणि यूएल २२७१ बॅटरीचं. डब्यावरचं नुसतं चिन्ह पुरेसं नाही, मॉडेलचा क्रमांक जुळला पाहिजे.

पायी चालणाऱ्यांची तक्रार मात्र वेगळी असते आणि ती मला रास्त वाटते. सायकलवाल्याचे पाय आणि हँडल पाहून तो कुठे, किती वेगाने जाणार हे आपण नकळत ओळखतो. युनिसायकलवाला पुतळ्यासारखा उभा, आवाज नाही, हात रिकामे. त्याचा वेग डोळ्याला कळतच नाही. यावर उपाय आहे: हात रिकामेच आहेत तर वळायच्या आधी दाखवा, माणसांजवळून चालण्याच्या वेगाने जा, गर्दी दिसली की उतरून ढकलायच्या हँडलने न्या.

चाक भिजलं तर बाहेरून पुसून भागत नाही. पॅकमध्ये शिरलेलं पाणी निकेलच्या पट्ट्यांमध्ये गंज धरतं आणि आग काही दिवसांनी, चाक कोपऱ्यात निवांत उभं असताना लागू शकते. भिजलेलं चाक चार्जिंगला लावू नका. घराच्या दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर तर मुळीच ठेवू नका. पॅक उघडून आतलं प्लास्टिकचं वेष्टन दमट दिसतं का हे जाणकाराकडून पाहून घ्या. महिनाभर वापरायचं नसेल तर ५० टक्क्यांच्या आसपास, गार आणि कोरड्या जागी ठेवा आणि दर काही आठवड्यांनी गटांचं व्होल्टेज बघा. न वापरता एखादाच गट खाली सरकत असेल तर तो पॅक बदलायचा.