कर्जरोखे प्रीमियमने काढताना: खासगी कंपनीसाठी प्रक्रिया, कागदपत्रे आणि हिशेबाच्या नोंदी

कोण काढू शकते: शेअर बाजारात नोंद नसलेली खासगी कंपनीही अपरिवर्तनीय (शेअर्समध्ये न बदलणारे) कर्जरोखे म्हणजे डिबेंचर्स काढू शकते. मात्र ते तारणी, म्हणजे कंपनीची मालमत्ता तारण ठेवून काढलेले असावेत. बिनतारणी आणि बाजारात नोंद नसलेले रोखे सहसा 'ठेवी'त मोजले जातात आणि मग ठेवींचे सगळे नियम मागे लागतात. आर्थिक वर्षात 200 पेक्षा जास्त जणांना देकार (रोखे घेण्याचा प्रस्ताव) देता येत नाही. तारणी रोख्यांची मुदत साधारणपणे 10 वर्षांपर्यंत.

क्रम चुकला की घोटाळा होतो. आधी संचालक मंडळाचा ठराव आणि डिबेंचर ट्रस्टीची (रोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या विश्वस्ताची) नेमणूक. (500 जणांच्या आत असलो तर ट्रस्टी लागत नाही हा गैरसमज आहे, तारणी रोख्यांना तो लागतोच.) ठराव एमजीटी-14 या नमुन्यात आरओसीकडे (कंपनी निबंधकाकडे) दाखल झाल्यावरच पीएएस-4 हे देकारपत्र पाठवायचे. पैसे गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातून, कंपनीच्या वेगळ्या खात्यात. रोख अजिबात नाही. पैसे आल्यापासून 60 दिवसांत वाटप, वाटपानंतर 15 दिवसांत पीएएस-3 हे वाटपाचे विवरणपत्र. तो भरेपर्यंत खात्यातल्या रकमेला हात लावायचा नाही, आणि सर्वाधिक चूक इथेच होते. एसएच-12 नमुन्यातला ट्रस्ट करार वाटपापासून 60 दिवसांत, तारणाच्या बोज्याच्या नोंदणीचा नमुना सीएचजी-9 बोजा निर्माण झाल्यापासून 30 दिवसांत.

हाताशी ठेवा: ठरावाची प्रत, पीएएस-5 नोंदवही (कोणाला देकार दिला त्याची), वाटप यादी, बँकेचा उतारा, तारण मालमत्तेची कागदपत्रे, ट्रस्टीचे संमतीपत्र.

आता हिशेब. 1,000 रुपयांचे 10,000 रोखे, मुदत 5 वर्षे, व्याज 10% वार्षिक. बाजारदर 9%, म्हणून विक्री 1,038.90 ला; दर्शनी किमतीवरचे 38.90 हा प्रीमियम.

बँक खाते नावे 1,03,89,000
10% कर्जरोखे खाते जमा 1,00,00,000
कर्जरोखे प्रीमियम खाते जमा 3,89,000

हे 3,89,000 नफा नव्हेत. पुढे द्यायच्या जादा व्याजापोटी आगाऊ मिळालेले पैसे आहेत. बी.कॉम.च्या पुस्तकांत ते सिक्युरिटीज प्रीमियम खात्यात टाकतात, पण कंपनी कायद्याचे कलम 52 शेअर्सवरच्या प्रीमियमबद्दल आहे. एएस 16 हे लेखा मानक प्रीमियमची वर्षवार विभागणी कर्जखर्चातच धरते; इंड एएस 109 हे मानक लागू असेल तर प्रभावी व्याजदर पद्धत (दरवर्षी पुस्तकी मूल्यावर खऱ्या दराने व्याज मोजणे), आणि प्रीमियमचे वेगळे खाते न दाखवता रोख्यांचे पुस्तकी मूल्यच 1,03,89,000.

पहिल्या वर्षाअखेर 1,03,89,000 वर 9%:

व्याज खर्च नावे 9,35,010
प्रीमियम नावे 64,990
बँक जमा 10,00,000

दुसऱ्या वर्षी 1,03,24,010 वर मोजायचे: खर्च 9,29,161, प्रीमियम 70,839. विक्रीची किंमत जवळच्या पैशापर्यंत पूर्ण केल्यामुळे पाचव्या वर्षी पन्नासेक रुपये उरतात. ते त्याच वर्षीच्या व्याजात जिरवा. इश्यूचा खर्च असेल तर तो आधी वजा करून दर नव्याने काढावा लागतो, 9% तसाच ठेवून चालत नाही.

टीडीएस (व्याज देतानाच कापायचा आयकर) मात्र पूर्ण 10,00,000 व्याजावर कापायचा. खर्चात 9,35,010 दिसतात म्हणून त्यावर कापला की विवरणपत्रात तफावत निघते.