सी मधली गार्बेज व्हॅल्यू आणि बिघडणारे लूप: हे आलं कुठून?

लूप दहा वेळा फिरायला हवा, पण एकदाही फिरत नाही किंवा थांबायचं नावच घेत नाही, आणि मध्ये स्क्रीनवर छापणारा एक प्रिंटएफ टाकला की लगेच सरळ चालायला लागतो. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना हे बहुतेकांच्या वाट्याला येतंच, आणि बऱ्याचदा काउंटरला नाहीतर बेरजेच्या व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्यायची राहून गेलेली असते. मग सी स्वतःहून शून्य का देत नाही?

१९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची सी घडवत होते, आणि युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम ज्या पहिल्या पीडीपी-११ कॉम्प्युटरवर चालली त्याची मेमरी होती फक्त २४ किलोबाइट. लोकल व्हेरिएबलला स्टॅकवर, म्हणजे फंक्शन कॉलसाठी पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या मेमरीत, जागा द्यायची म्हणजे पॉइंटर थोडा सरकवायचा, बस, पण ती जागा पुसायची तर प्रत्येक फंक्शन कॉलला जास्तीच्या इन्स्ट्रक्शन लागणार, त्यामुळे आधीच्या फंक्शनचा उरलासुरला कचरा तिथेच राहतो आणि आपण तो व्हॅल्यू म्हणून वाचतो, हीच गार्बेज व्हॅल्यू. ग्लोबल आणि स्टॅटिकला मात्र शून्य मिळतं, कारण ती जागा प्रोग्राम लोड होताना एकदाच साफ करायची असते. सीचे नियम ठरवणाऱ्या १९८९ च्या आन्सी स्टँडर्डनेही हा फरक तसाच ठेवला.

प्रिंटएफचं कोडं पण यातच आहे, एक ओळ वाढली की कंपायलर व्हेरिएबल रजिस्टरऐवजी (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेऐवजी) स्टॅकवर ठेवू शकतो, म्हणजे कचराच बदलतो. लूपच्या आत डिक्लेअर केलेल्या व्हेरिएबलला बहुतेक वेळा दर फेरीत तीच जागा मिळते, जुनी किंमत टिकते, आणि माणूस हा नियमच समजून बसतो. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची कंपायलरची सोय, चालू केलं की तेही मोडू शकतं.

जीसीसी या कंपायलरची अशा किंमत न दिलेल्या व्हेरिएबलबद्दलची वॉर्निंग जुन्या काळी ऑप्टिमायझेशन चालू असतानाच यायची, म्हणजे जिला नवशिक्यांची सर्वात जास्त गरज, ती त्यांना दिसतच नव्हती, याचं मला खरंच वाईट वाटतं. २००२ मध्ये चालत्या प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड आलं आणि खूप फरक पडला, तरी ते लूपच्या कंडिशनकडे बोट दाखवायचं, चूक असायची डिक्लेरेशनपाशी; मूळ कुठे आहे ते दाखवणारा ऑप्शन २००९ च्या ३.४ व्हर्जनमध्ये मिळाला.

२०२२ च्या जीसीसी १२ मध्ये लोकल व्हेरिएबल आपोआप शून्याने भरायचा फ्लॅग आलाय. त्याने बेरजेचा लूप बरोबर चालतो, पण गुणाकाराच्या लूपला सुरुवात १ पासून लागते, तिथे उत्तर शून्यच येणार, फक्त आता दर वेळी तेच येतं, त्यामुळे शोधायला सोपं जातं.