लिनक्सच्या शेड्युलरमधलं 'फेअर' नक्की कोणासाठी? थोडी पार्श्वभूमी

शेड्युलर म्हणजे कर्नलमधला, कोणती प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) कधी आणि किती वेळ चालेल हे ठरवणारा भाग. लिनक्सचा सीएफएस (कम्प्लीटली फेअर शेड्युलर) म्हणजे सगळ्यांना समान वेळ, असं सर्रास म्हटलं जातं आणि मशीनला एकच कोर (एका वेळी एक प्रोसेस चालवणारा सीपीयू) असेल तर ते बऱ्यापैकी खरंही आहे. कोर वाढले की मात्र समान म्हणजे कोणाकोणात समान, आणि ते मोजायचं कुठे, हा प्रश्न येतो. गेल्या वीसेक वर्षांतले बरेचसे वाद तिथेच झालेत.

ऐंशीच्या दशकात युनिक्सवर युजरनिहाय वाटा देणारे शेड्युलर आले होते, कारण जो जास्त प्रोसेस सोडेल त्याला जास्त सीपीयू मिळायचा. ते असो. लिनक्स २.४ पर्यंत सगळ्या सीपीयूंना मिळून चालायला तयार प्रोसेसची रांग एक आणि लॉकही (एका वेळी एकालाच रांगेला हात लावू देणारं कुलूप) एकच, पुढची प्रोसेस निवडायला अख्खी रांग चाळायची. दोन सीपीयूंवर चालून जायचं, आठ-सोळा झाले की सगळे त्या एका लॉकपाशी ताटकळायचे. म्हणून डिसेंबर २००३ च्या २.६ मध्ये दर सीपीयूला स्वतंत्र रांग दिली.

माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता, लॉकची मारामारी संपली, प्रोसेस त्याच कोरवर राहिली की कॅशेही गरम राहते (तिचा डेटा कोरजवळच्या वेगवान मेमरीत टिकतो). पण न्यायाचे तिथे दोन तुकडे झाले, एक रांगेच्या आतला, दुसरा रांगा-रांगांमधला, आणि 'फेअर' हा शब्द पुढे फक्त पहिल्याला चिकटला.

ऑक्टोबर २००७ मध्ये २.६.२३ सोबत सीएफएस आला. प्रोसेस जितकी चालेल तितका तिचा व्हीरनटाइम, म्हणजे वजनानुसार मोजलेला चालल्याचा वेळ, वाढतो, वजन जास्त असेल तर हळू वाढतो (वजन ठरतं नाइसवरून, म्हणजे प्रोसेसच्या प्राधान्याच्या आकड्यावरून, नाइस ० चं वजन १०२४, नाइस १ चं ८२०), आणि ज्याचा सगळ्यात कमी तो पुढे. कल्पना खरंच सुंदर आहे. पण एका कोरवरचा व्हीरनटाइम दुसऱ्या कोरवरच्याशी ताडून बघता येत नाही! प्रोसेस हलवताना जुन्या रांगेचा किमान आकडा वजा करून नव्या रांगेचा मिळवायचा, म्हणजे शेजाऱ्यांपेक्षा ती किती पुढे-मागे होती तेवढंच सोबत येतं, अख्ख्या मशीनच्या मानाने तिला किती मिळालं याची नोंद शेड्युलर ठेवतच नाही.

करून बघा, टास्कसेट (प्रोसेस ठरावीक कोरवरच चालवणारी कमांड) वापरून एक रिकामा लूप एका कोरला बांधा आणि तसेच दोन दुसऱ्या कोरला. टॉपमध्ये (प्रोसेसचा सीपीयू वापर दाखवणारी कमांड) १००, ५०, ५० टक्के दिसेल. तिघांचं नाइस तेच, दोन्ही रांगा आपापल्या परीने पूर्ण फेअर, पण दोन कोर तिघांत वाटले तर प्रत्येकाला साधारण ६७ टक्के यायला हवेत. बांधलं नसेल तेव्हा हे सावरणं लोड बॅलन्सरचं, म्हणजे प्रोसेस एका रांगेतून दुसरीत हलवणाऱ्या भागाचं काम, पण तो रांगांवरचा भार सारखा करायला बघतो, कोणाला आतापर्यंत किती मिळालं हे तो विचारत नाही.

२००९ मध्ये एका ऑस्ट्रेलियन डेव्हलपरने, जो पेशाने डॉक्टर, परत सगळ्यांना मिळून एकच रांग असलेला शेड्युलर लिहिला. डेस्कटॉपवाल्यांना तो खूप आवडला, पण मूळ कर्नलमध्ये कधी गेला नाही, आणि शेकडो कोरच्या सर्व्हरसाठी तो नव्हताच.

मग मार्च २०११ मध्ये २.६.३८ ला ऑटोग्रुप आलं, म्हणजे एका टर्मिनलमधल्या सगळ्या प्रोसेसचा मिळून एक गट, आता न्याय टर्मिनल-टर्मिनलमध्ये. याचा परिणाम २०१६ मध्ये काही संशोधकांनी ६४ कोरच्या मशीनवर दाखवला. एका टर्मिनलमध्ये ६४ थ्रेडचं (थ्रेड म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) मेक, म्हणजे प्रोग्रॅम कंपाइल करणारं साधन, दुसऱ्या दोनांत एकेका थ्रेडचा आर या संख्याशास्त्राच्या भाषेतला प्रोग्रॅम. मेकचा वाटा ६४ जणांत विभागला गेला, आरच्या एकट्या थ्रेडचा भार अवाढव्य दिसायला लागला, त्यामुळे त्याच्या नोडची (मशीनमधल्या कोरच्या एका गटाची) सरासरी फुगली आणि बॅलन्सरला वाटलं इथे गर्दी आहे. प्रत्यक्षात त्याच नोडवरचे कोर रिकामे बसलेले आणि दुसरीकडे थ्रेड रांगेत उभे. सरासरीऐवजी किमान भार बघितल्यावर मेक १३ टक्के कमी वेळात झालं.

ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ पासून पुढची प्रोसेस निवडायच्या सीएफएसच्या पद्धतीच्या जागी ईईव्हीडीएफ (पात्र प्रोसेसपैकी सगळ्यात आधीची मुदत असलेली निवडणारी पद्धत) आहे, मूळ कल्पना १९९५ ची. कोणाचं किती येणं बाकी आणि कोणाची मुदत आधी, हे तो बघतो, त्यामुळे आधीचे बरेच अंदाजपंचे नियम गेले. पण ते येणं-देणंही रांगेपुरतंच आहे. दर कोरला एक रांग आजही तशीच आहे, आणि बॅलन्सर वेगळाच चालतो.