पाण्याखालच्या गुहा : अपघातांतून घडलेले नियम

कोल्हापूरकराला पाण्याचे भय सांगण्यात तसा अर्थ नाही. विहिरीत, रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली माणसे इथे घरोघरी आहेत. मात्र विहिरीत दम संपू लागला, की माणूस हातपाय मारत सरळ वर येतो. पाण्याने भरलेल्या गुहेत डोक्यावर खडकाचे छत असते आणि सुटका हवी असेल तर आलेल्याच वाटेने परतावे लागते. अशा गुहा मुख्यतः चुनखडीचा खडक पाण्यात विरघळून तयार होतात. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही, म्हणून सह्याद्रीच्या मुलखात हा प्रकार जवळजवळ अपरिचित राहिला.

1935 साली इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या वूकी होल या गुहेत ग्रॅहम बॅल्कम आणि जॅक शेपर्ड हे सहकाऱ्यांसह उतरले, तेव्हा अंगात शिरस्त्राणाचा जड पोशाख होता आणि हवा बाहेरून नळीने येत होती. पुढे 1943 मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून हवा देणारे उपकरण तयार केले आणि पाणबुड्या नळीच्या बंधनातून सुटला. ही मोकळीक किती फसवी आहे, ते 1946 मध्ये खुद्द कूस्तोंनाच कळले. फ्रान्समधल्याच व्होक्लूझच्या झऱ्यात ते आणि फ्रेदेरिक द्यूमा मरता मरता वाचले, कारण टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःचाच विषारी धूर आत ओढून घेतला होता.

1960 च्या दशकापासून अमेरिकेतील फ्लोरिडाच्या स्वच्छ, नितळ झऱ्यांखालच्या गुहांत पाणबुड्यांचे मृत्यू वाढत गेले. तिथले पाणबुडे शेक एक्सली यांनी अपघातांची चिकित्सा करून 1979 मध्ये एक छोटेखानी पुस्तक लिहिले, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत उपयोगी काम तेच होय. त्यातला पहिला आग्रह गुहेच्या तोंडापासून आतपर्यंत अखंड दोरी असण्याचा आहे, कारण पायाच्या पंख्याचा एक फटका तळाच्या गाळावर बसला, की काही क्षणांत समोर धरलेला स्वतःचा हातही दिसेनासा होतो आणि उरते ती फक्त बोटांना लागणारी दोरी. दुसरा नियम हवेचा : एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली अडचणीसाठी राखून. खोलीची मर्यादा हाही त्याच चिकित्सेतून आलेला नियम. दाब दर 10 मीटरला एका वातावरणाने वाढतो, हवाही त्याच प्रमाणात लवकर संपते आणि नायट्रोजनची गुंगी चढून विचारशक्ती मंदावते. स्वतः एक्सली मात्र 1994 मध्ये मेक्सिकोतील साकातोनच्या जलविवरात अतिखोल बुडी मारताना गेले.

2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा हा विषय आपल्याकडेही घरोघरी पोहोचला. पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते. किर्लोस्करवाडी शेजारच्या सांगली जिल्ह्यातच असल्याने इकडे त्या बातमीचे विशेष अप्रूप होते. हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना नौदलातील माजी जवान समान कुनान यांचा 6 जुलैला मृत्यू झाला. मुलांना तर भूल देऊनच बाहेर काढावे लागले, कारण त्या अरुंद, गढूळ वाटेत एक मूल घाबरून धडपडले असते, तर त्याच्याबरोबर त्याला नेणाऱ्या पाणबुड्याचाही जीव गेला असता.