स्टॅटिक क्यूआर की डायनॅमिक? पॅम्प्लेट छापायला टाकायच्या आधी हे बघा

ठाण्यात गोखले रोडवरून किंवा राम मारुती रोडवरून नुसती चक्कर मारली तरी काचेवर, स्टँडीवर, बिलाच्या मागे सगळीकडे क्यूआर कोड दिसतात, पण दुकानदाराला विचारा हा स्टॅटिक आहे की डायनॅमिक, बऱ्याच जणांना सांगता येत नाही, कारण दिसायला दोन्ही सेम. फरक आहे तो आत काय भरलंय त्यात.

स्टॅटिकमध्ये तुमची लिंक किंवा फोन नंबर थेट त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांतच लिहिलेला असतो, मध्ये कोणी नाही. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने गाड्यांच्या पार्ट्सची नोंद ठेवायला हा कोड काढला तेव्हा तो असाच होता. एकदा छापला की बदलता येत नाही, पण त्याला एक्स्पायरीही नाही.

डायनॅमिकमध्ये कोडात फक्त एक छोटी लिंक असते, आणि ती जाते कोड बनवून देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून गिऱ्हाईक तुमच्या पेजवर. त्यामुळे छापलेला कोड तोच ठेवून गणपतीत मोदकांची ऑर्डर आणि दिवाळीत फराळाची यादी असं बदलता येतं, शिवाय किती स्कॅन झाले, कधी झाले, साधारण कुठल्या शहरातून, कुठल्या टाइपच्या फोनवरून, हेही कळतं. स्कॅन करणाऱ्याचा मोबाईल नंबर मात्र मिळत नाही, हा गैरसमज फार जणांचा आहे.

आता खरी गोची. नौपाड्यात घरगुती फराळ करणाऱ्या एका काकूंनी दिवाळीआधी पेपरात टाकायला पॅम्प्लेट छापले, कोड एका फ्री साइटवरून काढला. तो निघाला डायनॅमिक, आणि तोही ट्रायलवरचा. पॅम्प्लेट घरोघरी पोचले आणि ऐन ऑर्डरच्या दिवसांत ट्रायल संपली, मग स्कॅन केलं की फराळाच्या यादीऐवजी 'हा कोड बंद आहे' असं पान. पैसे भरा नाहीतर सगळा कागद फुकट. बनवताना फ्री लिहायचं आणि भाडं नंतर मागायचं, हे मला अजिबात पटत नाही, कारण फटका बसतो तो अशाच छोट्या माणसांना.

ओळखायचं कसं? फोनचा कॅमेरा कोडावर धरा आणि लगेच टॅप करू नका, आधी लिंक दिसते ती वाचा. तुमच्या साइटचं किंवा थेट इन्स्टाचं नाव दिसलं तर स्टॅटिक, भलतंच काहीतरी छोटं नाव दिसलं तर मध्ये कोणीतरी बसलाय.

माझं मत विचाराल तर स्वतःची साइट असेल तर तिच्यावरच एक छोटी लिंक बनवा, ती जिथे हवी तिथे वळवायची सोय करून घ्या आणि तिचा स्टॅटिक कोड छापा. बदलायची मुभा राहते आणि चावी आपल्याच हातात. पॅम्प्लेटला वेगळी लिंक, तलावपाळीजवळच्या फ्लेक्सला वेगळी, काउंटरला वेगळी, मग गिऱ्हाईक कुठून आलं तेही कळतं. साइट नसेल आणि लिंक कायमची असेल तर साधा स्टॅटिक बास. महिन्याला ऑफर बदलणार असाल तर डायनॅमिक घ्या, पण पैसे भरून, आणि रिन्यूअलची तारीख लिहून ठेवून.

स्टॅटिकची एक अडचण आहे, लिंक लांबलचक असली की चौकोन बारीक आणि दाट होतात. सगळ्यात छोटा कोड २१ बाय २१ चौकोनांचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७, आणि दाट कोड व्हिजिटिंग कार्डावर बारीक छापला तर जुने फोन झगडतात. मधे लोगो टाकायचा असेल तर एरर करेक्शन एच लेव्हलला ठेवा, त्यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. बाजूने चार चौकोनांइतकी पांढरी जागा हवीच, डिझायनर लोक नेमकी तीच खातात.

आणि पेमेंटच्या कोडाशी घोळ करू नका. यूपीआयमध्येही स्टॅटिक-डायनॅमिक म्हणतात, पण तिथे काउंटरवरच्या स्टिकरला स्टॅटिक म्हणतात, रक्कम गिऱ्हाईक टाकतं, आणि मशीनच्या स्क्रीनवर त्या बिलापुरता रकमेसकट येतो तो डायनॅमिक. ट्रायल संपायची भानगड तिथे नाही.

प्रेसवाल्याकडून प्रूफ आलं की ते कागदावरच घ्या आणि दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरून, मोबाईल डेटावर स्कॅन करून बघा, मगच ओके द्या.