हरळी झोपते, ब्लूग्रास जेवतं

न्यू जर्सीत घर घेतलं त्या वर्षी एप्रिलमध्ये मी लॉनला सढळ हाताने खत घातलं. मे महिना गवत कापण्यात गेला आणि जुलैत तेच लॉन पिवळं पडलं. शेजारचे आजोबा मात्र स्प्रेडर, म्हणजे खत पसरायची ढकलगाडी, बाहेर काढायचे ते सप्टेंबरमध्ये, थेट शाळा सुरू झाल्यावर.

आजोबांचं बरोबर होतं. इथल्या अंगणांत केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास अशी थंड हवेची गवतं असतात. साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअस तापमानात ती खुशीत वाढतात. उन्हाळा तापला की त्यांच्या पानांतलं रुबिस्को नावाचं विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडण्याची चूक जास्त वेळा करतं आणि साखरेची कमाई घटते. सप्टेंबरच्या गारव्यात गाडी रुळावर येते. तेव्हा मिळालेल्या नायट्रोजनवर गवताला नवे फुटवे येतात, गव्हाला येतात तसेच, आणि उन्हाळ्यात पडलेली टकलं भरून निघतात. पुढे थंडी वाढली की पाती उंच व्हायची थांबतात, पण हिरवी असतात तोवर साखर बनवत राहतात. ती साखर मुळांत आणि पात्यांच्या बुडाशी साठते. वसंतात भरपूर नायट्रोजन दिला, तर हीच शिल्लक पानं वाढवण्यात उडते आणि मुळं उपाशी राहतात. माझं तेच झालं होतं.

आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दुर्वा, याच्या अगदी उलट. इथे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. तिला तिशीच्या आसपासची ऊब लागते आणि थंडीत ती तपकिरी होऊन झोपते. माझा मावसभाऊ अटलांटात राहतो, त्याच्याकडे लॉन हरळीचं. त्याने ऐन पानगळीत नायट्रोजन घातला, तर कोवळी पालवी फुटून पहिल्याच कडाक्यात करपायची.

खताच्या पिशवीवर ‘विंटरायझर’ (हिवाळ्याआधी घालायचं खत) असं भारदस्त नाव असलं तरी बघायचे ते तीन आकडे. 30-0-10 म्हणजे 30 टक्के नायट्रोजन, फॉस्फेट शून्य, पोटॅश 10 टक्के. न्यू जर्सीच्या 2011 च्या कायद्यानुसार एका वेळी 1000 चौरस फुटांना जास्तीत जास्त 0.9 पौंड नायट्रोजन चालतो. म्हणजे या पिशवीतलं 3 पौंड खत. हाताला ते फारच थोडं वाटतं. मधलं शून्यही कायद्यामुळेच: माती परीक्षणात कमतरता दिसली किंवा नवं लॉन लावायचं असेल तरच फॉस्फरस घालता येतो. 15 नोव्हेंबर ते 1 मार्च घरमालकांना खत घालायलाच बंदी. जमीन गोठली की मुळं काही उचलत नाहीत, आणि सगळं वाहून ओढ्याला आणि खाडीला मिळतं. तिथे त्यावर शेवाळ माजतं.

आता स्प्रेडर फिरवून झाला की मी झाडू घेतो. ड्राइव्हवेवर विखुरलेले दाणे झाडून परत गवतात लोटतो. रात्री पाऊस आला, तर तिथून रस्त्याकडेच्या गटाराची जाळी जेमतेम दहा पावलांवर आहे.