कापून नेलेले पान, मातीत राहिलेला कंद

टांगत्या कुंडीतून चहूकडे ओघळणारे ‘बोस्टन फर्न’ आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. ते नेफ्रोलेपिस या प्रजातीतील नेचे असून, लांब, तलवारीच्या पात्यासारख्या पानांमुळे या प्रजातीला इंग्रजीत ‘सोर्ड फर्न’ म्हणतात. जगभरच्या उष्ण प्रदेशांतून तिचे नमुने गोळा होत आले आहेत, आणि तरीही तिच्या जाती ओळखणे अवघड का, याचे उत्तर बऱ्याच अंशी नमुने गोळा करण्याच्या पद्धतीतच सापडते.

हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, कागद साधारण 42 सेंटिमीटर लांब आणि 29 सेंटिमीटर रुंद असतो, तर नेफ्रोलेपिस बायसेराटा या जातीचे पान दोन मीटरांहूनही लांब वाढू शकते. त्यामुळे संग्राहक पानाचा एखादा तुकडा कापून, दाबून, वाळवून नेतो. जमिनीखालचे खोड, धावत्या फांद्या आणि देठाच्या तळाशी असलेली शल्के (खवल्यांसारखे पातळ पापुद्रे) मात्र जागेवरच राहतात. नेमक्या याच भागांवर ओळख अवलंबून असते. नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलियाच्या धावत्या फांद्यांवर अनेकदा लहान गोल कंद येतात आणि तिच्या देठावरील शल्के दुरंगी असतात. नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाला कंद येत नाहीत आणि तिची शल्के एकरंगी असतात. नुसत्या पर्णिका पाहून या दोघींत गफलत होणे अगदी स्वाभाविक आहे. फ्लोरिडात या गफलतीची किंमत जंगलाला मोजावी लागते, कारण तेथे एक्झाल्टाटा मूळची आहे, तर कॉर्डिफोलिया बाहेरून येऊन फोफावली आहे, आणि रोपवाटिकांतून ती स्थानिक नेचे म्हणूनही विकली गेली आहे.

2005 मध्ये होवेनकाम्प आणि मियामोतो या अभ्यासकांनी जगभरच्या नेफ्रोलेपिसचा आढावा घेऊन 19 जाती मान्य केल्या. अशा कामात जुना कागदही नव्याने बोलतो. वाळलेल्या पानामागचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली वेडेवाकडे आणि पोकळ दिसले, तर ती वनस्पती संकरित असल्याची दाट शंका येते. फ्लोरिडातील नेफ्रोलेपिस अ‍ॅव्हरी हा एक्झाल्टाटा आणि बायसेराटा यांचा असाच वांझ संकर आहे.

म्हणून माझ्या मते, नेच्याचा नमुना घेताना सुबक पानापेक्षा मातीने माखलेल्या मुळाशी अधिक वेळ घालवावा. पूर्ण पान कागदावर मावत नसेल, तर ते दुमडावे, त्याची मूळ लांबी चिठ्ठीवर लिहावी, आणि कंद आढळले नसल्यास खणून पाहिल्याची नोंदही सोबत करावी.